रात्रीचा लेयर

नकाशात रात्र नसते.
सतरा वर्षं मी नगररचना विभागात रेघा ओढतोय:
नऊ मीटरचा रस्ता, दीड मीटरचा पदपथ,
दर पंचवीस मीटरला खांबाचा एक ठिपका,
आणि कागद सगळीकडे सारखाच पांढरा.

मार्चात साहेबांनी हातात लक्समीटर दिला.
"बायकांबरोबर एक चक्कर मारून या. अहवाल शुक्रवारी."

घणसोली, होल्डिंग पाँडची मागची बाजू, रात्रीचे साडेदहा.
खाडीचा वास, आणि चौघी जणी.
प्रणोती, हॉस्पिटलातून सुटलेली, डबा खांद्यालाच.
शबनम आपा, शिवणक्लासवाल्या.
तेजल, जिच्या वडिलांचे तेवढ्यात दोन फोन आले.
आणि गावातल्या हिराबाई मढवी.
का आलात विचारलं, तर म्हणाल्या,
"बगाला आयलू, रस्ता कसा मोजताव तुमी."

डावीकडे सोसायटीची भिंत, आठ फुटी, वर काचा.
फाईल माझ्याच टेबलावरून गेलेली.
अर्जात कारण होतं: सुरक्षिततेसाठी.
कोणाच्या, तो रकाना नसतो.

मीटर म्हणाला अठरा.
"नियमापेक्षा जास्त आहे," मी म्हणालो, जरा खुशीतच.
प्रणोती थांबली.
"इथे मी फोन कानाला लावते.
आईला सांगते, आलेच, भात टाक.
आईला जाऊन चार वर्षं झाली."

"कुठपर्यंत?" मी विचारलं.
मला अंतर हवं होतं. सवय.
तिने चालून दाखवलं: ट्रान्सफॉर्मरपासून
कनोजियाचं इस्त्रीचं टेबल होतं तिथपर्यंत आणि पुढे वळणापर्यंत.
एकशे दहा मीटर.
"तो होता तेव्हा निम्म्यातच फोन ठेवायचे."
टेबल अतिक्रमणवाल्यांनी उचललं,
निखाऱ्यांसकट, बारा घरांच्या कपड्यांसकट.
त्या पत्राची प्रत आम्हालाही आली होती, माहितीसाठी.

मग हिराबाई म्हणाल्या, चला आमच्यात.
गावठाणात गल्ली दोन हातांची, डोक्यावर वायरींचं जाळं.
मीटर म्हणाला तीन. बिघडला वाटून मी तो झटकला.
ओट्यावर कुणी लसूण सोलत होतं,
एक पोरगा गुणाकार करत होता उंबऱ्यात बसून,
आणि वीस पावलांत आम्हाला चारदा विचारलं गेलं,
"कोनाकरं?"
आपा हसल्या. प्रणोतीने डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला.
तेजल तेवढी हळूच म्हणाली,
"इथे मला कुणी काही करणार नाही.
पण मी कुणाबरोबर चालले, ते उद्या घरी कळेल."
हेही लिहायचं कुठे?

अहवालात रकाने होते:
खांब, दिवे, झाडांची छाटणी, कॅमेरे.
मी कॉम्प्युटरवर एक नवा लेयर उघडला, नाव दिलं रात्र,
आणि त्यात एकशे दहा मीटरची रेघ मारली.
साहेब म्हणाले, "हे काय? प्रिंटला बंद कर."

सोसायटीच्या सभेत भिंतीवर चर्चा झाली.
खाली तीन फूट भिंत, वर जाळी, असा ठराव.
सेक्रेटरी सबनीस उठले:
"जाळीतून चोर आत बघेल."
आपा म्हणाल्या, "आणि तुम्हाला बाहेर दिसेल, त्याचं काय?"
ठराव पुढच्या सभेवर गेला. अजून तिथेच आहे.

डिसेंबरात एकदा मी त्या रस्त्याने निघालो, मीटर न घेता.
कनोजिया परत आलाय. यावेळी हातगाडी,
चाकं असलेली, पळता येईल अशी.
पुढे प्रणोती. गाडीपाशी थांबली,
युनिफॉर्म झाला का विचारलं, फोन पर्समध्ये टाकला.
अठ्ठावन्न, मी मनात मोजलं. बावन्न उरले.

आणि मग तिने तो पुन्हा काढला, कानाला लावला,
पावलं उचलली भराभर.
"हो, आलेच," ती म्हणत होती,
मागे न बघता.

मागे मीच होतो.

मी खाकरलो, तेही चुकलंच असावं.
मग रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर गेलो.
नकाशात तो दीड मीटरचा आहे.
तिथे गटाराची झाकणं रचून ठेवलीत.