किमान

बाजाराच्या चाकांच्या पिशवीतून
झेनॉननं अख्खा कॉम्प्युटर आणला,
बर्फातून, तीन गल्ल्या ओढत.
वरून टॉवेल, टॉवेलावरून प्लास्टिक,
तळाशी कालच्या बिटांची माती.
"चालेल का?" म्हणाला.
काय, ते खिशातल्या चिठ्ठीवर होतं.

एका खेळाचं नाव. ट्राम चालवायचा खेळ,
आणि शहर हेच, वूच.
एकतीस वर्षं त्यानं इथली ट्राम चालवली.
गुडघा गेला तेव्हा डेपोनं घड्याळ दिलं, भिंतीवरचं.
भाची म्हणाली, मामा, आता घरबसल्या चालव.
भाचीला म्हणायला काय जातं.

मी स्क्रू काढले.
कार्डावर पंखे दोन. एक फिरतो,
दुसरा त्याच्याकडे बघत बसतो.
धूळ वाळल्या सायीसारखी सोलून निघाली.
मग विंडोजची कळ, आर,
चौकटीत आम्हा दुकानदारांची सहा अक्षरी नाडीपरीक्षा.
कार्डाची मेमरी दोन जीबी.
खेळ मागतो सहा,
तेही 'किमान'च्या रकान्यात.
'शिफारस'चा रकाना मी त्याला बघूच दिला नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं,
पण हे तर
उशीच्या अभ्र्यात झोपायला निघालेले.

नाही म्हणायची माझी एक रीत आहे.
आधी चहा. मग आकडे.
मग नव्या कार्डाची किंमत,
मग जुन्याची, जरा खालच्या आवाजात.
त्याचे ओठ हलले. दोन महिन्यांचं पेन्शन
त्यानं तिथल्या तिथे मोजून परत ठेवलं.
"यागोदा, हे किमान कोण ठरवतं?"
मला माहीत नव्हतं.
"आमच्याकडे रेतीचं किमान असायचं.
घसरू नये म्हणून रुळांवर सोडायची रेती.
पेटीत तेवढी नसेल तर गाडी बाहेर नाही.
आणि मी नेलीय. नोव्हेंबरात, ओल्या पानांवरून,
रिकाम्या पेटीनं.
सांगू नकोस कुणाला."

खेळ दोन तासांत परत करता येतो.
घेतला.
सावल्या बंद केल्या.
पाऊस बंद.
पाण्यातली प्रतिबिंबं बंद
(शहराचं नाव होडी, पण नद्या
कधीच्याच जमिनीखाली गाडलेल्या, हरकत नव्हती).
झाडांची पानं कमी. माणसं कमी.
लांबचं दिसणं सगळ्यात कमी.

पडदा काळा. एकटा पंखा विमानासारखा.
मग शहर आलं,
आलं म्हणजे हप्त्याहप्त्यानं.
आधी रूळ. मग तारा. मग एक चर्च, बिनखिडक्यांचं,
आणि थांब्यावर दोन बायका, चेहरे न लावता आलेल्या.
सेकंदाला अकरा चित्रं. तीस तरी हवीत.
कोपऱ्यातला तो आकडा मी बोटानं झाकला.

झेनॉन खुर्ची ओढून पुढे सरकला.
"हे पहाटे चारचं आहे. धुक्यातलं.
तेव्हा एवढंच दिसतं.
बरोबर केलंय त्यांनी."

मी सांगणार होते,
त्यांनी नाही, मी केलंय,
बाकीचं सगळं काढून टाकून.

ट्राम हिसके देत चौक ओलांडून आली.
कुठल्या कळीवर बोट ठेवायचं ते मी दाखवतेय
तेवढ्यात टेबलाखाली
त्याचा तो गुडघा गेलेला पाय
फरशीवर दाबला गेला, खोल, सावकाश,
आणि योगायोग म्हणा, की दोन जीबी म्हणा,
चित्र जागच्या जागी थिजलं.

थांब्याच्या अलीकडे, वीतभर.

मी काहीच बोलले नाही.
बायका तशाच उभ्या.
पैसे परत मिळायला
अजून एक तास एकोणीस मिनिटं होती.

"आता हे सांग," झेनॉन म्हणाला,
नजर पडद्यावरून न हलवता,
"दार कशानं उघडतं?"