टाका

चौथ्या दिवशी सेनामेची जखम उकलली.
पुन्हा शिवायला घेतली, तिसऱ्यांदा टाका निसटला,
तेव्हा डॉक्टर एदेम हळूच म्हणाले, दोरा बदला.
दोरा चांगला होता.
अठरा वर्षं मी या प्रसूतिगृहात आहे,
लोमेच्या खारट हवेतही आमचा दोरा कुजत नाही.
कातडीच धरत नव्हती.
मक्याच्या पेजेवर पापुद्रा येतो ना,
तो शिवायला बसावं तसं.

चेहरा पिकल्या पपईचा.
बोटांची पेरं मात्र काळी, दहाच्या दहा.
पेरं कुणाचं ऐकत नाहीत.
"काय लावतेस?"
"साबण."
"आणि?"
उशाच्या पिशवीतून डबी निघाली.
झाकणावर गुलाब, पाठीवर मुंगीएवढी अक्षरं.
हायड्रोक्विनोनपर्यंत वाचता आलं,
पुढचं नाव चिकटपट्टीच्या घडीत गेलेलं.
वाचायची तशी गरज नव्हती.
वास मी ओळखते.

आमच्या घरी निळी बादली होती.
आई तिच्यात तीन ट्यूबा पिळायची,
कसलीशी पांढरी पूड, वर थोडं शियाचं लोणी.
लोणी कशाला, विचारलं तर म्हणायची,
एक तरी वस्तू झाडाची असू दे.
लाकडी पळीने ढवळायची,
पळी मोडली त्या वर्षी हातानेच.
मोठ्या बाजारात, चर्चच्या मागे, डबीमागे डबी.
माझी नर्सिंगची फी त्या बादलीतून आली.
पहिले पांढरे बूटसुद्धा.

मागच्या साली ओळखपत्राच्या यंत्रावर
आईने अंगठा ठेवला. यंत्र गप्प.
दुसरा ठेवला. कारकून म्हणाला, आजी, हात पुसा.
तिने कमरेच्या कापडाला पुसले,
पुसतच राहिली.
बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती.
चला, चोरी करायला मोकळी झाले, म्हणाली
आणि घर येईपर्यंत हसत होती.

शेवटी एदेमनी लांब लांब टाके घेतले,
घट्ट पट्टी बांधली, हात धुवायला गेले.
डबी मी एप्रनच्या खिशात टाकली.
परत द्यायची की नाही, ठरवलं नाही.

सेनामेने कुशीतल्या पोराचा कान उलटून पाहिला.
कानाच्या कडेला कळतो म्हणे,
पुढे कुठला रंग येणार ते.
कड जांभळट काळी.
"याला काय लावू, ताई?"
"काही नाही."
"काहीच नाही?"
ती बराच वेळ कान चोळत राहिली.
"मग तो असाच राहील की."