व कोरस

शब्द माझ्या वाट्याला कधीच नव्हते.
शब्द डेरिकचे. माझ्याकडे फक्त डूम.
डूम, डूम, डूम-बा, आणि परत डूम,
खालच्या मजल्यावर कुणी जड कपाट सरकवतंय तसं.

चौदाव्या वर्षी आवाज फुटला, आणि खालीच पडला.
रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये मी आमेन म्हटलं
की पुढच्या बाकावरचे म्हातारे वळून बघायचे.
आई म्हणायची, रहामीम, हळू. देव बहिरा नाही.

घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्समधला डेरिक हॅल्पिन,
बाप इंजिन ड्रायव्हर, केसांना अर्धी डबी व्हॅसलीन.
भोपळे चौकातल्या बेकरीचा क्लेमेंट आब्रेव,
कोपरापर्यंत मैदा.
आणि पंचहौदच्या चर्चमध्ये गाणारा शांतवन रणभिसे,
ज्याचा सूर इतका वर जायचा
की ऐकणारे नकळत टाचा उचलायचे.
घोरपडी सिग्नल्स. नाव डेरिकनं ठेवलं.

एका रात्री रेडिओवर चार जणांनी
एकाच पोरीचं नाव चार तऱ्हांनी घेतलं,
आणि आमचं बी. कॉम. तिथंच संपलं.

तालमीला बंड गार्डनचा पूल.
उन्हाळ्यात नदी खाली गेली की कमानीत उभं राहायचं,
गायलेलं दगडाला लागून दामदुपटीनं परत यायचं.
पलीकडे धोबी. त्यांच्या आपटण्यावर आम्ही ताल धरला,
आणि तो इतका अंगात बसला
की पुढे खुर्चीवर ओला टॉवेल आपटल्याशिवाय
शांतवनला सूर लागेना.

करिअर म्हणतात ते असं:
रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये सोळा डान्स,
एक मे क्वीन बॉल (पैसे अजून यायचेत),
खडकीच्या सार्जंट्स मेसमध्ये दोनदा, तिथं पुडिंग,
आणि एकदा, चुकून, सदाशिव पेठेत गणपतीत.
माझे पहिले चार डूम झाले.
पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, मंत्र आहे का?
शेजारचे म्हणाले, छे, पोट बिघडलंय त्याचं.

शुक्रवारी सूर्य बुडाला की मी नसायचो.
ते तिघं गायचे, आणि क्लेमेंट शनिवारी रात्री सांगायचा,
काल गाणं अनवाणी चाललं रे.

एकसष्टच्या जूनमध्ये मुंबईला जाऊन एक तबकडी केली.
एका बाजूला गाणं,
दुसऱ्या बाजूला तेच गाणं, जरा हळू.
लेबल छापून आलं, सोनेरी अक्षरांत:
डेरिक हॅल्पिन व कोरस.
कोरस म्हणजे ते दोघं असतील.
'व' म्हणजे बहुतेक मी.

कुणी भांडलं नाही. तेच वाईट झालं.
त्या रात्री क्लेमेंटच्या भट्टीत दोन घाणे पाव जळाले.
जुलैत पानशेत फुटलं.
पाणी ओसरल्यावर कमानीत इतका गाळ
की आवाज जायचा आणि तिथंच बसायचा.

डेरिक बोटीनं पर्थला गेला. निरोपाला आम्ही तिघं गायलो,
मधली जागा रिकामी ठेवून, सवयीनं.
शांतवन तारखात्यात लागला. क्लेमेंट आता नाही.
मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं होतो,
जिथं डूम होऊ नये म्हणून पगार मिळतो.

परवा फोन आला. डेरिकची नात.
म्हणाली, आजोबा कुणालाच ओळखत नाहीत हल्ली.
त्या गाण्याचे शब्द सांगता? त्यांच्या कानात म्हणून बघते.
साठ वर्षं मी ते गाणं पाठ आहे असं समजत होतो.
एक ओळ आठवेना. आठवेना कसली, कधी नव्हतीच.
म्हटलं, पोरी, फोन त्याच्या कानाशी धर.

गॅस बंद केला. ओट्याला धरून उभा राहिलो.
डूम, डूम, डूम-बा.
आठव्या डूमनंतर डेरिक यायचा,
त्याआधी नाकानं श्वास, गरजेपेक्षा मोठा,
आम्ही चिडवायचो त्यावरून.

आठवा झाला.
तिकडे कुणीतरी नाकानं श्वास घेतला.

मी नववा दिला.