माउंट पॉइंट

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, रात्रीचे सव्वाअकरा.
माग थांबले तरी कान धडधडतच राहतात.
एसी फक्त सर्व्हरच्या खोलीला,
म्हणून चिप्पा मामाही इथंच येऊन बसलेत,
स्टुलावर, मांडीवर डबा.
एकेचाळीस वर्षं ग्राफपेपरवर चौकोन रंगवले,
आता निवृत्त, तरी रोज येतात.

डिस्क भरलीय. शंभर टक्के.
परवापासून एकही मोर सेव्ह होत नाही.

मी व्हर्च्युअल मशीनला दुसरी डिस्क दिली,
पाचशे जीबी. खोकं नाही, वजन नाही,
एका चौकटीत आकडा टाकला आणि झाली.
मामा विचारतात, "कुठाय?"
या मशीनच्या आत एक मशीन आहे, मी सांगते,
जे खरं नाही, आणि त्याच्या आत ही.
"म्हणजे आमच्या पेठेतला नळ.
कागदावर आहे."

यादीत दिसते: एसडीबी.
एसडीएच्या खाली तीन पोरं, ही एकटी.

एफडिस्क. एन. पी. एक. एंटर, एंटर.
घरकुलातल्या दहा बाय बाराच्या खोलीत
आई दोरीवर जुनी चादर टाकायची.
इकडं तुमचा अभ्यास, तिकडं माझ्या विड्या.
तंबाखूचा वास मात्र वाटणी मानत नसे.
इथं भिंत पक्की,
तरी डब्ल्यू दाबेपर्यंत काहीच घडलेलं नसतं,
क्यू दाबून उठून जाता येतं.
वाटणीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी
माझ्या काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

डब्ल्यू.

मग कोऱ्या जागेवर फाइलसिस्टम.
बाण्याच्या आधी ताणा लागतो
हे मामांना समजवावं लागलं नाही.

माउंट.
आणि नक्षीचा फोल्डर रिकामा.
अकरा हजार डिझाइनं, कुयऱ्या, हत्ती, कमळं,
एका निर्यातीसाठी काढलेली बर्फातली हरणंसुद्धा.
आत एकच नाव, जे मी दिलं नव्हतं:
लॉस्ट अँड फाउंड.
त्यातही काही नाही.

मामा उभे राहिले. डबा खाली पडला,
शेंगाची चटणी फरशीभर.
"माझे मोर कुठं गेले गं?"
एसी सोळावर, आणि माझ्या पाठीवरून घाम.
गुर्रम शेठचा नंबर डोळ्यापुढं आला,
नंतर त्यांचा चेहरा.

मग कळलं.
भरल्या फोल्डरवरच अंथरली होती मी नवी डिस्क.
चादर टाकली म्हणून खालची खाट कुठं जात नाही,
आणि हे सोलापुरात जन्मलेल्या मुलीला
कळायला चार मिनिटं लागावीत!

अनमाउंट. मोर परत.
मामा बसले. चटणी तशीच.

पुन्हा, नीट. आधी बाजूला माउंट, तिथं सगळं कॉपी,
दोन तास दहा मिनिटं, दोन्हीकडचे आकडे जुळवून
मग जुन्याला दुसरं नाव, नवीला जुनी जागा.
"जुनं लगेच पुसू नको," मामा.
नाही पुसत. आठवडाभर तरी.

शेवटी एफएसटॅबमध्ये एक ओळ,
नाहीतर सकाळी मशीन उठेल आणि हिला ओळखणार नाही.
एसडीबी लिहायचं नाही, ते नाव रांगेवरून पडतं,
रांग हलली की बदलतं.
लिहायची ती लांबलचक ओळख, कुणाच्या तोंडी न बसणारी.
मामा रेशनकार्डावर राजमल्लू, बँकेत राजमल्लय्या,
पगारपत्रकात नुसतेच डिझायनर.
इथं एक चूक, आणि मशीन उठतच नाही.
मी ओळ तीनदा वाचली.

रीबूट.
पावणेतीन. काळा पडदा, कर्सर, पांढऱ्या ओळी.
उठलं.

"ब्याण्णवचा मोर काढ," मामा म्हणाले, "निळा.
डाव्या पंखात एक चौकोन चुकलाय,
शेठच्या बापाला कधी दिसला नाही.
तो आलाय का बघ."

मोठं केलं. आणखी मोठं.
आला होता.