दस्तगीरमामांची काच

आमचे चार वाजतात तेव्हा औलूत साडेबारा.
आइनोच्या खिडकीत सूर्य येतो,
चौकटीच्या खालच्या लाकडाला टेकतो
आणि उठून जातो, चहासुद्धा न घेता.

नऊ महिने एकच दुखणं:
आमचा थर काचेला धरून राहतो,
तिचा सुटतो, उन्हानं नाकाची साल निघावी तसा.
तेच क्षार, तेच तापमान, तोच सामू,
ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत तेच.
मी काचपट्टी कॅमेऱ्यासमोर धरते.
ती विचारते, निळा की जांभळा?
मी म्हणते, मोराच्या मानेचा.
तेवढ्यात मागच्या माळावर खरा मोर ओरडतो
आणि दीड सेकंदानं
तिकडं आइनो दचकते.

अमोनियाचा वास मात्र पलीकडं जात नाही.
तो माझ्या ओढणीत बसून
केएमटीनं कळंब्यापर्यंत येतो.

त्या मंगळवारी वीज गेली.
पंखे थांबले, इन्व्हर्टरवर स्क्रीन तेवढी जागी.
घाटगे सर कॅन्टीनकडं निघाले, त्यांच्यामागं मी.
कॉल बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

खोलीत दस्तगीरमामा एकटे.
सव्वीस वर्षं इथली प्रत्येक काच
त्यांच्या हातून गेलीय.
सिंकपाशी उभे, कॅमेऱ्याकडं अर्धी पाठ.
पट्टी कडेनं धरायची,
ओठांशी नेऊन 'हा' करून वाफ सोडायची,
उजेडाकडं तिरकी करून बघायची.
वाफ सगळीकडं सारखी बसली तर उजवीकडं.
एवढासा ठिपका उघडा राहिला
तर परत साबणात.
मधेच खोकला, मधेच कुणाला तरी शिवी, बहुतेक नळाला.

मी वडा घेऊन परत आले
तेव्हा आइनो स्क्रीनला नाक लावून उभी.
"त्यांना विचार, हे काय करतात?"
विचारलं.
मामा हात पुसत वळले, जरा संकोचून.
"ते व्हय? चष्मा पुसताना करतोय तसंच की.
काच तेलकट असंल तर वाफ फाटतीया.
का ओ, हे बी लिहायचं असतंय?"

आमच्या तीन शोधनिबंधांत
त्या जागी एकच ओळ आहे:
'काचा स्वच्छ करून घेतल्या.'
कुणी करून घेतल्या, कुणाकडून,
व्याकरणानंच झाकून टाकलंय.

शुक्रवारी औलूत उणे एकोणीस.
आइनोनं पट्टी ओठांजवळ नेली
आणि चित्र अडकलं.
उघडं तोंड, मिटलेले डोळे,
हजारो कोसांवर एक श्वास
बाहेर पडायचा राहिलेला.
सर राउटर हलवायला धावले.
मामा खुर्ची ओढून समोर बसले,
दवाखान्यात आतल्या बातमीची वाट बघत बसावं तसे.

मग चित्र हललं.
तिनं काच वळवून कॅमेऱ्याला दाखवली.
मामांनी चष्मा कपाळावर सरकवला,
मान वाकडी केली, खालचा डावा कोपरा बघितला.

"फाटली," म्हणाले.
"परत धू म्हणावं बाईला."