दहावा दिवा

त्या रात्री रास अल खैमाच्या विमानतळावर
दृष्टी मोजायचं यंत्र आंधळं झालं.
भिंगावर मिठाचा पापुद्रा.
दुरुस्तीचा माणूस दुबईहून सकाळी येणार.
तोवर जुनी रीत:
धावपट्टीच्या टोकाशी निरीक्षकानं उभं राहायचं,
कडेचे दिसतील तेवढे दिवे मोजायचे, साठानं गुणायचं,
मीटरचा आकडा टॉवरला कळवायचा.
निरीक्षक मी.

धुकं समुद्रावरून आलं नाही, जमिनीतून आलं.
खाऱ्या चिखलाच्या सपाटीवर
आंबलेल्या पिठासारखं फुगत गेलं.
आधी कुंपण गेलं, मग अग्निशमनाची गाडी,
मग गाडीत बसलेल्या तिलबहादूरचा
नुसता खोकला उरला.

अडीचला कोळिकोडचं विमान डोक्यावर.
एकशे बासष्ट माणसं.
"गुरव, किती?" वॉकीटॉकीवर सालेम अल शेही.
"अकरा," मी म्हणालो. होतेच अकरा.

माझा शब्द आणि त्याची चाकं
यांच्यामध्ये चार मिनिटं असतात.
चार मिनिटांत धुक्यानं तीन दिवे खाल्ले.
मी ओरडलो, "आठ! आठ!"
तोवर धुकं आतून पिवळं झालं,
विमान दिसलंच नाही,
एक प्रचंड पोट अंगावरून गेल्यासारखी हवा दबली
आणि इंजिनं किंचाळली, वर, वर,
डोंगरांच्या अंगाला.
पूर्वेचे ते काळे डोंगर धुक्यातही
जिथल्या तिथेच असतात.
आवाज त्यांच्यावरून पलीकडे गेला.
तिलबहादूर मग बराच वेळ खोकला नाही.

"किती?"
"नऊ."

नऊ साठे पाचशे चाळीस.
उतरायला हवेत पाचशे पन्नास.
दहा मीटर.
आमच्या कुडाळच्या घराचं अंगण याहून लांब.

"नीट बघ. तेल कमी होतंय त्याचं.
आता नाही तर मस्कत."
सालेम आवाज चढवत नाही. तेच वाईट.

मी पापण्यांवरचं दव पुसलं.
आठवा पिवळट.
नववा म्हणजे भिजत घातलेला साबुदाण्याचा दाणा.
आणि त्यापलीकडे
होतं काहीतरी.
किंवा असावंसं वाटत होतं.
धुक्यात फार वेळ रोखून पाहिलं
की डोळा स्वतःच दिवे लावायला लागतो.

बाप रवळनाथाच्या देवळात दिवा लावायचा.
वाऱ्यानं विझला तरी दारातून हात जोडणाऱ्यांना सांगायचा,
आहे हो, आत आहे, तेवतोय.
माणसं समाधानानं घरी जायची.
त्यांना तिथे उतरायचं नव्हतं.

"नऊ," मी म्हणालो.
वर घरघर जरा रेंगाळली,
मग दक्षिणेला विरत गेली.

बाहेर पहाटे मोईदीन नावाचा एकजण
हातात खजुराचा डबा धरून उभा.
बायको पहिल्यांदाच येत होती.
"मस्कत? तिथून बस असते का?"
मी म्हटलं, विचारतो.
कुणाला विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं.

आठला ऊन पडलं.
धुकं असं गेलं की त्याचा इथे कधी संबंधच नव्हता.
मी धावपट्टीच्या कडेनं चालत गेलो,
एक, दोन, मोजत, उगाचच मोठ्यानं.

दहाव्याच्या काचेवर
ओल्या वाळूचा थर वाळून बसला होता,
त्यावर कुठल्यातरी पक्ष्याची तीन बोटं.
मी बाहीनं काच पुसली.
दिवा लख्ख. पेटलेलाच होता.

रात्रीच पुसली असती तर दिसला असता?
वाळू रात्रीची की पहाटेची?
सालेमला सांगितलं. तो म्हणाला,
"ते मस्कतला सुखरूप उतरलेत," आणि चहा ओतला.
मी विचारलं होतं ते हे नव्हतं.

रजिस्टरात नऊच आहेत.
शेऱ्याचा रकाना कोरा आहे,
संध्याकाळची पाळी सुरू व्हायच्या आत
काहीतरी लिहायला हवं.