खिडक्या लावून

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
पडोळ्यांच्या हॉलमध्ये आम्ही खिडक्या लावून घेतल्या,
कारण बिल्डरचा माणूस खालीच राहतो
आणि त्याचे कान लांब.
कूलरला उघडी खिडकी लागते हो,
हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं.
गारवा नाहीच, नुसती ओल भरत गेली,
सदरे ओले, उपविधींचा मसुदा ओला,
वरच्या ओळीत माझंच अक्षर:
आम्ही, या इमारतीचे रहिवासी...

एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं मी.
दर वर्षी तेच टिपण, कडा पिवळ्या पडलेलं:
फिलाडेल्फिया, सतराशे सत्त्याऐंशी, उन्हाळा,
खिडक्या बंद, दाराशी पहारा,
आतला शब्द बाहेर जायचा नाही.
जुन्या कलमांची डागडुजी करायला जमलेले लोक
नवंच घर बांधून उठले.
पोरं उतरवून घ्यायची.
मला सांगताना कधी घाम आला नाही.

उमाळकरांचा थ्री-बीएचके. म्हणे, मतं स्क्वेअर फुटावर द्या.
चिमोटेबाई ताडकन उठल्या, वन-बीएचकेवाल्या:
"फुटावर? मंग माह्या घरचा मानूस
बुटका हाये का तुमच्याहून?"
मला हसू आलं. मोठी राज्यं, छोटी राज्यं,
दोनशे वर्षांनी मनीषनगरात, गादीवर मांडी घालून.
म्हटलं, दोन समित्या करा.
एकीत घरटी एक माणूस, दुसरीत फुटांच्या हिशेबानं.
टाळ्या पडल्या. पन्हं फिरलं.
चेकबुक अध्यक्षाकडे, सही खजिनदाराची,
आणि दोघांचं जुंपलंच तर
तिसऱ्या मजल्यावरचे कावळे, कोर्टातून रिटायर झालेले नाझर.
कोणाचाच कोणावर भरवसा नाही,
म्हणून तर लिहून ठेवायचं, मी म्हणालो.
अविश्वास इतका नीट रचलेला बघून
खरं सांगतो, जीव सुखावला.

मग पाण्याचा विषय निघाला.
टँकर डोक्यांवर मिळतो.
उमाळकर म्हणाले, कामवाल्या धरा, ड्रायव्हर धरा,
डोमाजी तर धराच, नऊ वर्षं जिन्याखाली निजतो.
पूर्ण धरायचा?
अर्धा धरा. साहेबाला पटेल असं धरा.
आणि मताच्या यादीत?
सगळा हॉल हसला.
"काहीतरीच काय सर!"

सहा नंबरची खोली आठवली.
फळ्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं,
तीन छेद पाच.
गुलामांची डोकी राज्याच्या वजनात मोजायची ती अशी.
इंदोऱ्याची सुकेशिनी, शेवटून दुसऱ्या बाकावरची,
उभी राहून म्हणाली,
सर, उरलेले दोन कुठे गेले?
मी म्हणालो, तडजोड होती ती. काळच तसा होता.
ती बसली नाही.
आणि हे तीन, सर?
हे तरी त्याचे होते, की मालकाच्या पारड्यात पडले?
परीक्षेला एवढं खोलात विचारत नाहीत,
असं मी म्हणालो. म्हणालो मी असं.
घंटा होईपर्यंत ती उभीच होती.
खडू झटकत मी बाहेर पडलो.

इतिवृत्त माझ्याकडेच होतं.
डोमाजी नेवारे. पुढे रकाना.
पेन टेकवलं तर दमट कागदावर शाई पसरली,
आकडा लिहायच्या आधीच एक निळा डाग.
"लिहा ना सर, अर्धा," पडोळे म्हणाले,
"जेवायची वेळ होऊन राहिली."

मी उठलो. खिडकी उघडली.
झळ आली तोंडावर, आणि मागे
कूलरला एकदम श्वास फुटला.
कोणीतरी ओरडलं, बंद करा, ऐकू जाईल.
खाली डोमाजी टाकीच्या भिंतीला कान लावून
बोटानं ठोकत होता, पाणी कुठवर आहे ते बघत.
ठोक. ठोक. पोकळ आवाज.
वर मान करून त्यानं विचारलं,
"टँकर केव्हा येऊन राहिला, सर?"

पेन अजून माझ्या हातात होतं, उघडं.